महिनाभर टिकतं

“हे बघ, परत फाटलं!”

अक्कांनी डबी ओट्यावर अशी आपटली की झाकण उडून मोरीत गेलं. डबीत खाली गुलाबपाणी साचलं होतं आणि वर बदामतेलाचा पिवळा तवंग.

“आठ डब्या परत आल्या एका दिवसात. समोरच्या नेमगोंडाकाकांची सून काय म्हणाली ठाऊक हाय? म्हणाली, अक्का, हे तोंडाला लावायचं का भातावर घ्यायचं?”

मला हसू आलं. ते अक्कांनी पाहिलं.

“हस. तुला काय, बरंच हाय की हसायला.”

एकोणीस वर्षं झाली या गोष्टीला. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, त्रिशला. त्या वेळी त्यांना सासर कायमचं सोडून जयसिंगपूरला माहेरी येऊन पाच वर्षं झाली होती. परत आलेल्या लेकीकडे गल्ली कशी बघते ते मी सांगायला नको. कुणाच्या हळदीकुंकवाला गेल्या तर कोपऱ्यात बसायच्या, विचारलं तरच बोलायच्या. मग त्यांनी घरी क्रीम करायला घेतलं. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदामाचं तेल, आणि केसांना लावायचं म्हणून जास्वंदीचं एक वेगळं. बायका दारात येऊन “अक्का आहेत का?” असं विचारायला लागल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना विचारत होतं. त्या डब्यांवर अक्कांची मान वर झाली होती आणि त्या डब्या आता फाटत होत्या.

फाटायचं कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आमचं घर जैनांचं, त्यात आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, फार कडक. पाणी गाळल्याशिवाय भांड्यात पडायचं नाही. दळलेलं पीठ पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. तेवढीच त्याची मर्यादा. त्यापुढे एक दिवसही ते पीठ आमच्या परातीत येत नसे. मध तर वर्ज्यच. अक्का क्रीमला मधमाशीचं मेण घालतात हे आत्तींना कळलं, त्या दिवशी त्यांनी भरलं भांडं ओतून द्यायला लावलं. मेण बंद झालं आणि क्रीम फाटायला लागलं.

“अक्का, मेणानं ते नुसतं घट्ट दिसत होतं,” मी म्हणाले. “तेल आणि पाणी आपणहून एकत्र राहत नाहीत. दोघांना धरून ठेवणारं काहीतरी घालावं लागतं. इमल्सिफायर म्हणतात.”

“म्हणजे केमिकल.”

“तुमचं गुलाबपाणी तरी कशाचं बनलंय?”

“झालं! आला कारखाना बाहेर.”

कारखाना हा माझ्या वर्मावरचा शब्द होता. लग्नाआधी मी मिरजेच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत चार वर्षं नोकरी केली होती. क्रीम, शांपू, केसांचे कंडिशनर. रसायनशास्त्राची पदवी होती माझ्याकडे, आणि हाताखाली दोन मुली होत्या. लग्न ठरलं तेव्हा आत्ती म्हणाल्या, सुनेनं कारखान्यात गेलेलं बरं दिसत नाही. बरं दिसत नाही म्हणून मी दहा वर्षं भाकऱ्या थापल्या. दहा वर्षांत त्या घरात कुणी मला एक गोष्ट विचारली नव्हती, आणि माझ्याच घरात माझ्याच विषयाचं वाटोळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मला राग लवकर येतो आणि आला की लवकर जात नाही. हे मी आधीच सांगून ठेवते.

तरी मी गेले. सांगलीला जाऊन जुन्या ओळखीतून दोन वस्तू आणल्या. एक पिशवीभर पांढरे दाणे, तो इमल्सिफायर. आणि एक बोटाएवढी बाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला. मोठ्या कढईत पाणी उकळत ठेवलं, त्यात दोन पातेली बसवली. एकात तेल आणि दाणे, दुसऱ्यात गाळून उकळलेलं पाणी, गुलाबपाणी आणि कोरफडीचा गर.

“दोन्ही सारखंच तापलं पाहिजे,” मी अक्कांना म्हणाले. “एक गरम आणि एक कोमट असलं की दाणे गोठतात आणि सगळं बिघडतं. आता धार धरा. बारीक. मी रवी फिरवते.”

अक्कांनी धार धरली. पहिल्यांदा नुसतं गढूळ पाणी झालं. मग रवीच्या भोवती पांढरं दिसायला लागलं आणि बघता बघता भांडंभर दुधासारखं पांढरंशुभ्र झालं. निवत गेलं तसं जाड होत लोण्यावर आलं.

“आगं बया!” अक्कांनी बोट घालून हाताला लावलं. “चंदना, हे तर दुकानातल्यासारखं झालं की गं!”

त्यांनी मला नावानं हाक मारली, तीही हसून. मला इतकं बरं वाटलं की आज आठवलं तरी स्वतःची लाज वाटते.

आत्ती देवळातून आल्या. त्यांनी दाणे हातात घेऊन पाहिले.

“हे कशाचं?”

“झाडाच्या तेलापासून करतात, आत्ती. यात प्राण्याचं काही नाही. मी विचारून आणलंय.”

“मग चालतंय.”

मी बाटली काढली. “आता हे. किलोला दहा ग्रॅम. कोमट झालं की घालायचं.”

“ह्यो काय परकार?” अक्का म्हणाल्या.

“टिकवायचं औषध.”

“ते नको.”

“नको कसं? यात पाणी आहे, कोरफड आहे.”

“डबीवर छापून घेतलंय मी. एकही केमिकल नाही. पाचशे चिठ्ठ्या छापल्यात. दाणे झाडाचे म्हणून घेतले. ह्ये बाटलीतलं कशाचं हाय? कशाला वास येतोय असा?”

“अक्का, मी शिकलेय हे. चार वर्षं हेच केलंय.”

“शिकलीस म्हणून काय झालं? दहा वर्षं काय उजेड पाडलास त्या शिक्षणाचा? दुसऱ्याचं जरा बरं चाललंय म्हटलं की लागलीच मधे नाक. माझ्या क्रीमला हात लावायला मीच बोलावली तुला, माझीच चूक झाली. कारखान्यात डबे धुवायची अक्कल कारखान्यातच ठेव.”

डबे धुवायची! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाटलीचं झाकण लावलं. त्यानंतर स्वयंपाकघरात आणखी दोन-चार वाक्यं झाली आणि बाटली घेऊन मी माझ्या खोलीत निघून आले.

मे महिना होता. अक्कांचं क्रीम असं खपलं की विचारू नका. डबी उघडली की गुलाबाचा वास, बोट लावलं की लोणी. खाली पाणी नाही, वर तेल नाही. बायका मैत्रिणींना घेऊन यायला लागल्या. अक्का देवळात गेल्या असल्या की दारात आलेल्यांना डबी काढून मीच द्यायची. आणि अक्का घरात नसताना मी फळीवरची एखादी डबी उघडून वास घ्यायची. रोज. गुलाबाशिवाय कसलाच वास येत नव्हता. झाकण लावून ठेवताना मला राग यायचा.

तीन आठवडे गेले. एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला दारात आरडाओरडा सुरू झाला. बाहुबली मगदूम, पलीकडच्या आळीतला, हातात अक्कांची डबी घेऊन उभा होता. त्याची आई मागं रडत होती. गल्लीतली पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती.

“कुठं हाय त्रिशलाअक्का? बाहेर या म्हणावं!”

त्याची मुलगी चार महिन्यांची होती. उन्हाळ्यानं मानेच्या घडीत आणि जांघेत घामोळं उठून कातडी सोलवटली होती. बायको सुलक्षणा चार दिवस त्यावर अक्कांचं क्रीम लावत होती. केमिकल नाही म्हणून. लेकराला पुवाचे फोड आले, अंग तापलं, दूध पिईना. आता ते सांगलीला दवाखान्यात सलाइनवर होतं.

“डॉक्टरांनी डबी उघडली आणि पहिलं विचारलं, हे कधी केलंय? यात टिकायला काय घातलंय?” बाहुबलीचा आवाज फाटला होता. “मी काय सांगू? माझी पोर मरायला टेकलीय! काय घातलंय यात?”

अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या.

“कायसुदीक न्हाई घातलं रे. सगळं शुद्ध हाय. पाणी गाळून, उकळून...” आणि मग त्यांना काहीतरी आठवलं. त्या वळल्या. “चंदना म्हणाली होती, महिनाभर टिकतंय. तिला इचारा. ती शिकलेली हाय. अजून महिना पण झाला न्हाई.”

पंधरा-वीस तोंडं माझ्याकडं वळली.

मी म्हणाले, “मी असं कधीच म्हणाले नाही. उलट यात टिकायचं औषध घाला म्हणून मी मागं लागले होते. यांनीच नको म्हटलं.”

दुसरं वाक्य खरं होतं. त्यामुळं पहिलंही खरं वाटलं. नेमगोंडाकाका म्हणाले, “शिकलेल्या माणसाचं ऐकायचं असतंय, त्रिशला.” कुणीतरी बाई म्हणाली, नवऱ्याघरी पण हिचं असंच असणार. अक्का माझ्याकडं बघत राहिल्या.

मी म्हणाले होते.

ती दोन-चार वाक्यं आता सांगते. मी बाटलीचं झाकण लावलं तेव्हा आत्तींनी पातेल्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, “यात पाणी हाय न्हवं? मग याची मर्यादा किती?” आमच्या घरात मर्यादा विचारली की खोटं सांगत नाहीत. शेजारीण पीठ उसनं मागायला आली तरी, हे कालचं, हे परवाचं, असं सांगून देतात. मला ठाऊक होतं की मे महिन्यात ताजी कोरफड घातलेलं ते क्रीम आठ दिवससुद्धा धड राहणार नाही. मी आत्तींच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “महिनाभर टिकतं.” अक्कांनी विचारलं, “नक्की?” मी म्हणाले, “मी डबे धुणारी बाई. मला काय कळतंय?” आणि निघून आले.

मला ते नासायला हवं होतं. बुरशी यावी, घाण वास सुटावा, बायकांनी डब्या आणून अक्कांच्या पुढ्यात आपटाव्यात आणि अक्कांनी माझ्या खोलीच्या दारात येऊन ती बाटली मागावी, एवढंच मला हवं होतं. पण फाटलेल्या क्रीमला लोक हात लावत नव्हते, परत आणून देत होते. माझ्या दाण्यांनी ते इतकं सुरेख धरून ठेवलं की आत काय वाढतंय ते कुणाला दिसलंच नाही. मी रोज डबी उघडून वास घेत होते तो यासाठी. वास येत नव्हता आणि मी गप्प बसत होते.

माणसं पांगल्यावर मी आत आले. आत्ती देवघरासमोर बसल्या होत्या.

“मी इचारलं होतं तुला,” त्या म्हणाल्या. “तिनं न्हाई, मी. माझ्या कानानं ऐकलंय मी.”

मी भिंतीला टेकले. “मग बाहेर का नाही बोललात?”

“काय बोलू? सून खोटारडी हाय म्हणून गल्लीत सांगू?” त्यांचा आवाज चढला. “लेक परत आलेलीच हाय माझी. तिचं नाव गेलं ते कवाच गेलं. तुला अजून इथं ऱ्हायचंय, पोराबाळांची लग्नं करायचीत. एकीचं तरी ऱ्हाऊ दे म्हटलं. पण तुझं तोंड बघायची इच्छा न्हाई मला. जा तिकडं.”

मागं भांडं पडल्याचा आवाज झाला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

लेकरू नऊ दिवस दवाखान्यात होतं. अक्का रोज सकाळी एसटीनं सांगलीला जायच्या. मगदुमांनी त्यांना आत सोडलं नाही. तरी त्या संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून परत यायच्या. घरात त्या कुणाशी बोलल्या नाहीत, आईशीही नाही. गल्लीतून जाताना बायका दारं लोटून घ्यायच्या. कुणीतरी आमच्या भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहिलं, ते माझ्या नवऱ्यानं पुसलं. मला मात्र सगळे विचारत होते. क्रीमला कुठलं औषध घालायचं असतं हो वहिनी? दहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, ते आता विचारत होते, आणि मी सांगत होते. होय, मी सांगत होते.

नवव्या दिवशी लेकरू घरी आलं. त्याच दुपारी अक्कांनी पत्र्याची पेटी काढली. त्यांना कुंभोजकडे मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं होतं.

मी त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

“अक्का, मी खोटं बोलले. मी महिना म्हणाले होते. मला ठाऊक होतं ते नासणार. मला माफ करा.”

त्या साडीची घडी घालत होत्या. घडी पुरी केली, पेटीत ठेवली, आणि मग माझ्यावर अशा ओरडल्या की आजवर तसं मला कुणी बोललेलं नाही.

“मला काय सांगालीस? मला? मी तिथंच उभा होतो की गं! माझ्या आईला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय, तुला ठाऊक हाय. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगायला जीभ झडली तुझी? दार लावून माफी मागतीस! दार उघडं टाकून खोटं बोललीस आणि माफी मागायला दार लावतीस!”

“अक्का, हळू...”

“का हळू? मी बाटली नको म्हटलं ती माझी चूक. ती मी त्या बाकावर बसून नऊ दिवस भोगली. तुझी पण मीच भोगू? ऊठ! चालती हो इथनं!”

त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. पाचच्या एसटीनं त्या गेल्या. पेटी उचलायला आत्ती पुढं झाल्या तेव्हा त्यांनी आईचा हात बाजूला केला.

मी मगदुमांच्या घरी गेले ती दुसऱ्या दिवशी सकाळी. बाहुबलीची आई देवळात गेली होती. सुलक्षणा लेकराला खांद्यावर घेऊन थोपटत होती. मानेच्या घडीत अजून लाल चट्टे होते.

“या की वहिनी, बसा. बरं झालं आलात. तुमच्या तोंडावर सांगायचंच होतं मला. तुमचं ऐकलं असतं अक्कांनी तर माझ्या लेकराचे एवढे हाल झाले नसते.”

मी बसले. मग सांगितलं. दाणे, बाटली, आत्तींचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. तिचा थोपटणारा हात थांबला.

“म्हणजे नासणार हे ठाऊक होतं तुम्हाला?”

“होतं.”

“ती डबी मी तुमच्या हातनं घेतली हो.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “अक्का घरात नव्हत्या. मी इचारलं होतं तुम्हाला, बाळाला चालतंय का? तुम्ही म्हणालात, अक्कांनाच विचार. आणि डबी दिलीत.”

हे मी विसरले होते. खरंच विसरले होते. तिच्या दारातून वळून पळून जावंसं वाटलं मला.

सुलक्षणानं लेकराला पाळण्यात ठेवलं आणि शेजारच्या मुलीला हाक मारून पाळण्यापाशी बसवलं. माझ्यासाठी शेगडीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं. तिनं गॅस बंद केला.

“उठा.”

“सुलक्षणा, मी...”

“उठा म्हणते न्हवं? नऊ दिवस ती बाई बाकावर बसली होती. मी काचेतनं बघत होतो. एकदा पाणी मागितलं तिनं, तर मी नर्सला सांगितलं, देऊ नका म्हणून.” तिनं दाराकडं बोट केलं. “मी, पाणी देऊ नका म्हटलं! चला. तुमच्या गल्लीत चला. जिथं उभं राहून न्हाई म्हणालात, तिथं.”

ती चप्पल न घालताच निघाली. मी मागून चालत होते. आमच्या घरासमोर आल्यावर ती थांबली आणि समोरच्या नेमगोंडाकाकांच्या दाराची कडी जोरजोरात वाजवली. मग त्याच्या पलीकडची, मग तिसरी. दारं उघडली, बायका बाहेर आल्या. आमच्या दारात आत्ती येऊन उभ्या राहिल्या.

सुलक्षणा माझ्याकडं वळली.

“हं,” ती म्हणाली. “सांगा. मोठ्यानं.”